साहेबांच्या पायडलाचं रबर

हे मी कुणापाशी बोललो नाही. वस्तादापाशी नाही, भावकीत नाही. देवापुढं उभा राहिलो तेव्हाही इकडचं तिकडचं मागून माघारी आलो. हौसाला तर नाहीच. हौसा माझी बायको. या पावसाळ्याच्या तोंडावर गेली. आता घरात मी एकटा, आणि एकट्या माणसाला गप्प राहायलाही काही कारण लागतं. माझ्याजवळचं संपलं. म्हणून लिहायला बसलोय. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही धड नाही. चुकलं तर समजून घ्या. म्हणजे अक्षर चुकलं तर. बाकीचं समजून घेऊ नका.

मी कुरवंड्याचा. लोणावळ्यात बाजाराच्या मागं गॅरेज होतं, तिथं मिस्त्री होतो. इंग्रज जाऊन थोडीच वर्षं झाली होती. पवनेचं धरण अजून कागदावरही नसेल. घाट चढून तापलेल्या लॉऱ्या यायच्या, मुंबईच्या बंगलेवाल्यांच्या मोटारी यायच्या. लॉरी खोलताना मला कधी काही वाटलं नाही. लोखंड ते लोखंड. ही एकच गाडी — पण थांबा, आधी बाईसाहेबांचं सांगतो.

नागफणीच्या वाटेवर शेवटचा बंगला त्यांचा. त्याच्या पुढं नुसती दरी. पावसाळ्यात दरीतून धुकं वर यायचं ते आधी त्यांच्या बंगल्यात शिरायचं, मग गावात. बाईसाहेब पारशी. साहेब वारले होते, मूलबाळ नव्हतं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. हौसा तिथं कामाला जायची. भांडी, झाडलोट, आणि बाईसाहेबांना हाताला धरून व्हरांड्यात बसवणं.

साहेबांची एक गाडी होती. विलायती, शर्यतीची, हिरवी, दोन माणसांची, वरून उघडी. इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे जमिनीवर मांडी घालायला निघाल्यासारखं वाटायचं. साहेब गेल्यापासून ती मागच्या शेडात उभी होती. आमच्याकडचा पाऊस पत्र्याखालच्या लोखंडालाही सोडत नाही. चाकं बसली, पायडलं गंजून जागच्या जागी धरली. एक दिवस हौसा म्हणाली, बाईसाहेबांनी बोलावलंय, गाडीचं काम आहे.

मी गेलो. मला वाटलं इंजिन खोलायचं असेल. बाईसाहेब म्हणाल्या, "इंजिनला हात नाय लावायचा, किसन. गाडी चालवायची नाय. मला फक्त त्याचा पाय पायजे."

मी समजलो नाही. मग त्यांनी सांगितलं. साहेब फाटकातून आत आले की शेडापाशी ब्रेक दाबायचे. पायडल दाबताना एकदा कण्हायचं, आणि पाय काढला की टक् करून वर यायचं. तेवढ्या आवाजावर त्या आत चहा टाकायला सांगायच्या. तो आवाज त्यांना परत ऐकायचा होता. बस. एवढंच काम.

गॅरेजात सांगितलं तर वस्ताद हसला. "न चालणाऱ्या गाडीला ब्रेक? किसन्या, मढ्याला लगाम घालायला चाललास व्हय रं?" सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा हसता यायचं.

काम मी नीट केलं. हे फुशारकीनं सांगत नाही. पुढं जे केलं ते न येण्यामुळं झालं नाही, एवढं कळावं म्हणून सांगतोय. गाडीच्या पोटात उताणा शिरून पायडलांचा आख्खा सांगाडा खाली उतरवला. क्लचचं आणि ब्रेकचं पायडल एकाच आडव्या दांड्यावर झुलतं. त्या दांड्यावर पितळी बुश असतात, म्हणजे नळीसारख्या कड्या, त्या झिजून अंडाकृती झाल्या होत्या. सगळं रॉकेलमध्ये भिजत टाकलं, गंज घासला, क्लचच्या बाजूला लेथवर काढलेला नवा बुश बसवला, स्प्रिंगा बदलल्या, पिना नव्या घातल्या, काळा रंग दिला, ग्रीस भरलं. ब्रेकचा बुश तेवढा जुनाच ठेवला. तो बदलला असता तर कण्हणं गेलं असतं.

आणि एक गोष्ट बाईसाहेबांनी बजावून सांगितली होती. ब्रेकच्या पायडलावरचं रबर बदलायचं नाही.

त्यांनी माझं बोट धरून त्या रबरावर फिरवलं होतं. मोठं असेल दोन काड्यापेट्यांएवढं. त्यावर आडव्या रेघा असतात, पाय घसरू नये म्हणून. आतल्या अंगाला रेघा शाबूत होत्या. बाहेरच्या अंगाला मात्र रबर गुळगुळीत, खोलगट, एखाद्या उंबऱ्यासारखं झिजलेलं. साहेब तरुणपणी घोड्यावरून पडले होते, उजवा पाय वाकडा बसला होता. ते पायाच्या कडेनं ब्रेक दाबायचे. बाईसाहेब म्हणाल्या, त्याचा फोटो मला आता दिसत नाय, हे दिसते. गॅरेजात ठेवू नकोस, कोणी फेकून देईल. तुझ्या घरी ठेव. साहेबांच्या रुमालात गुंडाळून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. सोबत साहेबांचे बूटही दिले. पायडलाची उंची त्या बुटावरून लावायची होती.

आता तुम्ही आमच्या भागातले नसाल तर एक सांगायला पाहिजे. आषाढात इथं लाकूड पेटत नाही. सरपण घरात ठेवलं तरी घाम सुटल्यासारखं ओलं. मग आम्ही काय करायचो? रबर. जुन्या ट्यूबचा, टायरचा तुकडा. काडी लावली की भकभक जळतो आणि ओलं लाकूडही धरतं. गॅरेजातला माणूस म्हणजे माझा खिसा कायम तसल्या तुकड्यांनी भरलेला. घरी जायचं, खिसा चुलीपाशी रिकामा करायचा. हाताची सवय होती ती.

साहेबांचा रुमाल पांढरा होता. माझ्या हाताचं ग्रीस लागायला लागलं म्हणून मी रबर काढून खिशात टाकलं आणि रुमाल घडी करून जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवला. रुमाल जपला बघा मी.

त्या दिवशी भिजून घरी आलो. हौसा बंगल्यावर होती. दुपार होती, पण धुक्यानं घरात काही दिसत नव्हतं. चूल विझलेली. खिशात हात घातला, हाताला आलं ते चुलीत टाकलं, काडी लावली. ज्वाळा वर आली तेव्हा उजेडात मला रेघा दिसल्या. अर्ध्या रेघा. उरलेलं गुळगुळीत.

चिमटा हाताशी होता.

इथं मी दरवेळी थांबतो. मनात हे किती वेळा बोललो असेन, पण इथं थांबतो. चिमटा हाताशी होता आणि रबराला नुसती कड लागली होती. ओढून काढता आलं असतं. मी का नाही काढलं? घाबरलो म्हणू? घाबरायला तेवढा वेळ लागत नाही. मी बघत राहिलो. ते मऊ होत गेलं, आणि झिजलेला भाग आधी खाली दबला — वरून कुणी पाय ठेवल्यासारखा. मग वितळलं. त्यावर मी चहा केला. प्यायलोसुद्धा.

संध्याकाळी हौसा आली. दारातच थांबली, नाक मुरडलं, म्हणाली कसला घाण वास येतोय. रबराचा वास आमच्या घरात रोजचा होता. पण या रबराचा वेगळा होता, जुना, औषधासारखा. मी म्हणालो, कसला वास, नेहमीचाच. ते पहिलं खोटं.

बाईसाहेबांना जाऊन सांगितलं असतं तर काय झालं असतं? रडल्या असत्या. शिव्या दिल्या असत्या. हौसाचं काम गेलं असतं? नसतंही गेलं. मी कामाचा विचारच केला नाही. मला त्यांचा चेहरा बघायचा नव्हता, एवढंच.

मी नवं रबर केलं. लॉरीच्या टायरचा तुकडा घेतला, चांभाराच्या रापीनं मापाला कापला, तापवलेल्या पात्यानं रेघा ओढल्या. बाहेरची कड दगडानं घासली. पण दगडानं घासलेलं दगडानं घासलेलंच दिसतं. माणसाचा पाय वेगळं झिजवतो. मग ते फळीवर ठोकलं, घरामागच्या कातळावर नेलं आणि साहेबांचे बूट पायात घातले.

हौसा बंगल्यावर गेली की मी कातळावर. बुटाखाली बारीक वाळू घ्यायची आणि दाबायचं, सोडायचं, दाबायचं. चहूबाजूंनी धुकं, दोन हातांपलीकडं काही नाही. पहिल्या दिवशी मी मुद्दाम पाय वाकडा करत होतो. मग करावा लागेना. बूट आतून त्यांच्या पायानं झिजलेला होता. माझा पाय आत घसरायचा आणि त्या खोलग्यात जाऊन बसायचा, बाहेरच्या कडेवर. मी सरळ दाबायला गेलो तरी पाय वाकडाच पडायचा. एकदा पाय थांबवला तरी फळी कण्हली. ओली फळी होती, कण्हली असेल. मी बूट काढून पळालो.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. काम अर्धं टाकायची सवय नव्हती.

हौसा म्हणायला लागली, पाय मुरगळलाय का, असं का चालता? मी म्हटलं, लॉरीखाली दबला जरा.

रबर बसवलं, पायडलांचा सांगाडा गाडीत चढवला आणि बाईसाहेबांना बोलावलं. हौसा त्यांना हाताला धरून शेडात घेऊन आली. त्या वाकल्या, हात आत घातला, आणि रबरावर नुसता तळवा ठेवून राहिल्या. मला वाटलं, झालं. पण त्या हात काढेनात. मग बोटं फिरवली. एकदा आत, एकदा बाहेर. मान तिरकी करून, काही ऐकू यावं तशी.

म्हणाल्या, "किसन, हे तेच हाय ना? खरा बोल हां."

मी म्हटलं, तेच आहे बाईसाहेब. साफ केलंय म्हणून हाताला वेगळं लागत असेल.

त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही लोक आण घेता ना? हौसाच्या डोक्यावर हात ठेव आणि सांग."

आमच्यात आण म्हणजे खेळ नाही. खोटी आण घेतली की घेणाऱ्याला काही होत नाही. ज्याच्या डोक्यावर हात ठेवला ते माणूस जातं. आज नाही तर उद्या, पण जातं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, हौसालाही ठाऊक होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग स्वतःच पदर मागं सारला आणि डोकं पुढं केलं.

मी हात ठेवला. केस धुक्यानं ओले होते. म्हणालो, हे तेच रबर आहे.

माझ्या तळव्याखाली तिच्या अंगावर काटा आला. थंडी होती तेव्हा.

बाईसाहेब हसल्या, माझी माफी मागितली, आणि म्हणाल्या, आता बूट घालून आत बस. एकदा दाब. त्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. धुक्यात मला त्या दिसत नव्हत्या, त्यांना तर काहीच दिसत नव्हतं. मी दाबलं. पायडल कण्हलं. सोडलं. टक्.

धुक्यातून आवाज आला. "आज उशीर केला, फिरोज."

फिरोज म्हणजे साहेब.

त्या दिवसापासून बुधवारी गॅरेज बंद असलं की मला बोलावणं यायचं. मी बूट घालायचो, बसायचो, दाबायचो. त्या साहेबांशी बोलायच्या. माळ्याबद्दल, गुडघ्याबद्दल, मुंबईच्या बहिणीबद्दल. मग पुदिना आणि गवती चहा घातलेला चहा स्वतः करून हौसाच्या हाती गाडीत पाठवायच्या. साहेबांसाठी. मी प्यायचो. एकदा कप परत नेताना हौसा थांबली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमी हितं बसलासा की तुमी दिसत न्हाईसा."

खोटी आण उतरवायची रीतही आमच्यात आहे. ज्यानं आण घ्यायला लावली त्याच्या दारात जायचं, खरं ते सांगायचं आणि त्याच्या हातचं पाणी प्यायचं. त्यानं पाणी दिलं की उतरली. मला दर बुधवारी त्या दारात जायला मिळत होतं. त्यांच्या हातचा चहा मिळत होता. चहा मी प्यायलो. सांगितलं मात्र नाही.

एका हिवाळ्यात बाईसाहेब वारल्या. त्यांचे कुणी नातेवाईक आले, गाडी लॉरीवर चढवून घेऊन गेले. ते रबर तिच्यातच गेलं. आण उतरवायला आता कुणी उरलं नाही.

मग मी काय केलं, तर हौसावर पाळत ठेवली. तिला ताप आला की मी गॅरेजात जायचो नाही. शेतात गेली की मागोमाग मी. माहेरी जाऊ दिलं नाही, वाटेत ओढा लागतो म्हणून. जत्रेला नेलं नाही. लोक म्हणायचे किसन बायकोला लय जपतो. ती एकदा म्हणाली, मी काय म्हैस हाय का, दाव्याला बांधून ठेवायला? मी हात उगारला. मारलं नाही. उगारला तो तसाच वर राहिला, कारण खाली आणला असता तर डोक्याला लागला असता.

हेच ते. इथंच यायचं होतं मला, एवढं फिरून. त्या दिवसानंतर मी हौसाच्या डोक्यावर कधी हात ठेवला नाही. तेल लावून दिलं नाही. तापात कपाळ चाचपलं नाही. शेजारी झोपलो तरी माझा हात तिच्या खांद्याच्या वर गेला नाही. मला वाटायचं, दुसऱ्यांदा हात पडला की आण पुरी होईल. पण खरं सांगू? तेवढंच नव्हतं. त्या केसांखाली माझं खोटं ठेवलेलं होतं, आणि मला ते हाताला लागायला नको होतं.

या वैशाखात ती आजारी पडली. छातीचं दुखणं. वळीव पडून गेलेला, दुपारी धुकं ओसरीपर्यंत आलं होतं. ती बाजेवर पडून होती, मी शेजारी. म्हणाली, डोकं ठणकतंय, जरा हात ठेवा. मी पाणी आणायला उठलो. तिनं धोतराचा सोगा धरला. तिच्यात जोर नव्हता तरी धरला.

म्हणाली, "त्या दिवशी चुलीत काय जळालं ते मला तवाच कळलं हुतं. राखंत रबराचा गोळा घावला मला, आन डब्यात नुसता रुमाल. ठावं असून मी डोकं फुडं केलं. म्या ते कवाच माफ केलं, अवो. आता ठेवा हात."

तुम्ही काय केलं असतं? कुणीही ठेवला असता. तिनं सगळं सोडवून दिलं होतं. आण घ्यायला लावणारी गेली, पण जिच्यावर घेतली ती स्वतः सांगत होती. मी दोन्ही हात काखेत घातले. असे, घट्ट. आणि म्हणालो, चहा टाकतो.

चहा घेऊन आलो तेव्हा तिनं तोंड भिंतीकडं केलं होतं. संध्याकाळी गेली.

सवाष्ण गेली की नवऱ्यानं कपाळाला कुंकू लावायचं असतं. बायकांनी करंडा माझ्या हातात दिला. मी तो चुलतभावाच्या बायकोकडं सारला आणि मागं झालो. म्हणालो, माझ्यानं होणार नाही. लोक रडले. म्हणाले, किसनभाऊला सोसंना. मी त्यांना तसं वाटू दिलं.

घरात तिचा पाटा-वरवंटा आहे. वरवंटा मधोमध झिजलाय, उजवीकडं जरा जास्त. तिचा उजवा हात जोराचा होता. चुलतभावाची सून मागायला आली होती, पडूनच हाय म्हणून. मी दिला नाही. दुपारी धुकं आत आलं की मी त्याच्यापुढं बसतो. हात लावत नाही. कान देऊन बसतो. बाईसाहेबांच्या हाताखाली लॉरीच्या टायरचा तुकडा होता, तरी त्यांना साहेब ऐकू यायचे. माझ्यापुढचा दगड खरा आहे. तिच्याच हातानं झिजलेला आहे.

आवाज येत नाही.